अंगठ्यामागची नाडी

चिमणीनं पन्नाशी ओलांडली होती आणि वजनही काही चिमणीचं राहिलं नव्हतं, पण लहानपणी पडलेलं नाव घरात कधी सुटलंच नाही. कॉलेजात मात्र तिला सगळे बाई म्हणत आणि टरकून असत. मेडिकल कॉलेजात ती शरीररचना शिकवायची. लांबलचक हॉल, स्टीलची टेबलं, त्यांवर झाकलेली प्रेतं आणि डोळ्यांना झोंबणारा फॉर्मलिनचा वास. नवीन मुलं पहिल्या दिवशी पांढरीफटक पडायची, आणि महिनाभरात त्याच टेबलांशी उभं राहून सिनेमाच्या गप्पा हाणायची. माणूस कशालाही सरावतो हो, त्यात नवल काही नाही.

हाताच्या धमन्या हा तिचा खास आवडीचा विषय. पुस्तकात सगळं कसं सरळसोट असतं. दंडातून एक मोठी धमनी खाली येते, कोपरापाशी तिला दोन फाटे फुटतात, एक करंगळीच्या बाजूनं जातो आणि एक अंगठ्याच्या. अंगठ्याच्या बाजूचा मनगटाशी वर येतो, तिथे आपण नाडी बघतो. झालं. पण खरे हात उघडून बसलं की कळतं, कुणाची धमनी काखेतच वेगळी निघालेली असते, कुणाची अगदी कातडीला लागून उघड्यावरूनच चालते, तर कुणाची मनगट यायच्या आधीच वळून हाताच्या पाठीवर गेलेली असते. मुलं अशा धमनीला शीर समजून खुशाल कापून टाकतात, आणि मग बाईंच्या तोंडाला तोंड देताना त्यांची पुरेवाट होते.

त्या दिवशी एका मुलीनं अशीच एक धमनी शोधून काढली, तीही न कापता. कोपरापासून कातडीखालून आलेली आणि मनगटाच्या बरीच वर असतानाच वळसा घालून अंगठ्याच्या मागे गेलेली. चिमणी जाम खूश झाली. बाही वर करून तिनं मुलांना आपली नाडी बघायला लावली. एकानं बघितली, दुसऱ्यानं बघितली, मनगटाशी काही लागेना. एक आगाऊ पोरगा म्हणाला, बाई, तुम्ही तर गेलात. सगळे हसले, तीही हसली. मग अंगठा ताणून तिनं त्याच्यामागच्या खळग्यावर त्याची बोटं ठेवली, तेव्हा नाडी लागली. आमच्या घरात सगळ्यांची इथेच, वडिलांच्या बाजूनं आलंय, असं तिनं सांगितलं. आणि अंगठ्यानं काय चाचपडतोस, बोटांनी बघ, अंगठ्यानं बघणाऱ्याला स्वतःचीच नाडी लागते, हे दरवर्षीचं वाक्य त्याला ऐकवून टाकलं.

फोन हॉलमध्ये आणायची तिनं सगळ्यांना बंदी केली होती, स्वतःलाही. हात धुऊन बाहेर आली तर दादाचे फोनावर फोन येऊन गेलेले. तिनं उलट लावला. अण्णा, तिचे वडील, सकाळीच गेले होते. दुखणं लांबलेलं होतं, सगळ्यांना कल्पना होती, तरी ती तिथल्याच बाकावर बसली. दादा रडत नव्हता, चिडलेला होता. म्हणाला, तू आधी ये, आत्या अजून थांबली म्हणत नाहीये.

हे 'थांबली' प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. अण्णांची आजी तरुणपणी तापानं आजारी पडली. डॉक्टर आले, मनगट धरलं, नाडी नाही म्हणाले. मग काय, रडारड झाली आणि तिला नेली. पुढे काही दिवसांनी तिच्या मुलाला, म्हणजे चिमणीच्या आजोबांना ताप आला. त्याच डॉक्टरांनी मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मुलाला नाडी नाही, आणि मुलगा तर अंथरुणात बसून दूध पितोय. बऱ्याच चाचपडीनंतर ती अंगठ्याच्या मागे सापडली. ते पोर कुणावर गेलंय हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या माउलीला जन्मात मनगटाशी नाडी नव्हती. ती मेली होती की जिवंत होती, हे आता कोण सांगणार? कुणी तोंडातून ब्र काढला नाही. पण तेव्हापासून घरात नेम झाला. या रक्ताचं माणूस गेलं की घरातल्या एका बाईनं त्याचा हात धरून बसायचं, अंगठ्याच्या मागे आपला अंगठा ठेवायचा, आणि ती 'थांबली' म्हणेल तेव्हाच उचलायचं. डॉक्टर कितीही मोठा असो, त्याचं कुणी ऐकायचं नाही.

आजी म्हणजे आजोबांच्या मामाचीच मुलगी, त्याच रक्ताची. तिच्यानंतर हे काम आत्याकडे आलं. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, भावाच्या घरातच राहिली, शिवणाचे क्लास घेतले, आणि भावाच्या मुलांना इतकं जीव लावून वाढवलं की खरी आई, होती तोवर, कधीकधी रुसायची. तोंडाची फटकळ, मनाची मऊ. आजवर तिनं कुणालाही फार वेळ ताटकळत ठेवलं नव्हतं. थोडा वेळ बसायची, मान हलवून 'थांबली' म्हणायची आणि उठून चहाचं आधण ठेवायची. आजच असं काय झालं ते चिमणीला कळेना.

ती पोचली तेव्हा दुपार झाली होती. घरासमोर खुर्च्या मांडलेल्या, शेजारीपाजारी येऊन बसलेले. आधी हळहळून झालं होतं, आता घड्याळं बघणं चाललं होतं. डॉक्टर पुढच्या खोलीत बॅग मांडीवर घेऊन बसले होते. सकाळी एकदा आणि आता दुसऱ्यांदा त्यांनी छातीला तारा लावून बघितलं होतं, कागदावर सरळ रेघ. डोळ्यांत बॅटरी मारून झाली होती. अंग गार पडलं होतं, जबडा ताठरला होता. ताई, तुम्ही तर याच क्षेत्रातल्या, तुम्हीच समजवा, असं ते म्हणाले, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. वहिनीनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, आत्या पाणीसुद्धा पीत नाहीत, हात सोडत नाहीत, मी जवळ गेले तर खेकसल्या.

आतल्या खोलीची खिडकी उघडी होती, उजेड भरपूर होता. पलंगावर अण्णा, छातीपर्यंत पांढरी चादर. चिमणीनं आयुष्यभर प्रेतं बघितली होती. दारातूनच तिला कळलं, शंकेला जागा नव्हती. ओठ, नखं, कानांचा रंग, सगळं सांगत होतं. बाप गेला, हे तेव्हा तिच्या आत शिरलं आणि ती दाराला धरून रडली. आत्यानं मान वर केली नाही. ती स्टुलावर बसून होती, अण्णांचा ताठरलेला हात मांडीवर, आणि तिचा अंगठा त्यांच्या अंगठ्यामागच्या खळग्यात रुतलेला.

दार लाव म्हणाली. चिमणीनं लावलं.

"चालू आहे," आत्या म्हणाली.

चिमणी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. तिनं समजावलं, विद्यार्थ्यांना समजावते तसं नाही, लहान मुलाला समजावतात तसं. अण्णा गेलेत, मी बघतेय ना, सकाळीच गेलेत. आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला काय डोळे नाहीत? गेलाय ते मलाही दिसतंय. पण ही चालू आहे. आणि मग ती जे बोलली त्यानं चिमणीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"चिमे, ही कुणाचीच थांबली नव्हती."

चिमणीला आधी अर्थबोधच होईना. आत्या खिडकीकडे बघत बोलत राहिली. आईच्या वेळी ती पहिल्यांदा बसली होती. आई गार झाली, ताठरली, आणि अंगठ्याखाली टुक, टुक, चालूच. तिनं वाट बघितली, अजून वाट बघितली. बाहेर माणसं खोळंबलेली, वडील म्हणतायत पोरी, आटप. सगळ्यांनी आटपलं होतं, हिचंच तेवढं राहिलं होतं. तिला वाटलं, आपल्यालाच काहीतरी होतंय. म्हणून म्हणाली थांबली, आणि आईला नेलं. मग धाकट्या भावाच्या वेळीही तेच. चुलतबहिणीच्या वेळीही तेच. दर वेळी तिनं खोटं सांगितलं आणि चहाचं आधण ठेवलं, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं, नाहीतर किंचाळली असती. या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. पण थोरल्या भावाच्या बाबतीत तिची जीभ उचलेना. एवढी माणसं मी जिवंत घालवली, आता याला नाही घालवणार, असं ती म्हणाली.

चिमणीनं तोंडाशी आलेला प्रश्न गिळायचा प्रयत्न केला, पण तो बाहेर पडलाच.

"आणि सोनी?"

सोनी म्हणजे चिमणीची पाठची बहीण. शाळेत जायच्या आधीच गेली, घशाच्या दुखण्यानं. चिमणी तेव्हा दारामागे उभी राहून बघत होती, आणि आत्यानं थांबली म्हटलेलं तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं.

आत्यानं नुसती मान खाली घातली, आणि तेच उत्तर होतं.

भीती काय असते ते चिमणीला त्या खोलीत भरदुपारी कळलं. इतकी वर्षं ती मेलेल्यांमध्ये वावरली होती, एकदासुद्धा मागे वळून बघावंसं वाटलं नव्हतं. आता तिला बापाच्या हाताकडे बघवेना. आणि मग, एकदम, तिला उत्तर सापडलं. इतकं साधं, की तिला हसूच फुटलं. अंगठा! घराण्याचा नेमच मुळी चुकीचा होता. अंगठ्यानं नाडी बघणाऱ्याला स्वतःचीच नाडी लागते, सकाळीच तर त्या पोराला सांगितलं. या घरातल्या शहाण्यांनी नेम करताना नेमका अंगठाच निवडला होता. आत्याला आयुष्यभर लागत होती ती आत्याचीच.

तिनं घाईघाईनं सांगितलं. आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. विश्वास ठेवायची इच्छा त्यावर अगदी उघडी होती. पण आत्या कापड दोनदा मोजून मग कात्री लावणारी बाई. ती म्हणाली, म्हणजे माझा अंगठा मी कुठेही दाबला तरी लागेल? लागेल, चिमणी म्हणाली. आत्यानं पहिल्यांदाच अण्णांचा हात सोडला आणि पलंगाच्या लाकडी कडेवर अंगठा दाबला. थोडा वेळ दाबून धरला.

"इथे नाही लागत."

दाबायची पद्धत चुकत असेल म्हणून चिमणीनं तिचा अंगठा आपल्या बोटांत धरला. पुढच्या पेराचा मऊ भाग तिनं चिमटीत घेतला, हलकेच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. काही नव्हतं. म्हातारा, सुईनं भोकं पाडलेला, गार अंगठा, आणि त्यात ठोक्याचा मागमूस नाही. तिनं आपला अंगठा पलंगाच्या कडेवर टेकवला. तिथेही काही नव्हतं. तिच्या डोक्यात चक्र फिरलं. या घरात धमनी मागच्या वाटेनं जाते, मग अंगठ्याला पुढून जो फाटा जायचा तो बारीक सुतासारखाच असणार, त्याचा ठोका कुठून लागणार? दरवर्षी शेकड्यांनी पोरांना सांगितलेली गोष्ट तिनं स्वतःच्या हातावर एकदाही पडताळून बघितली नव्हती. जगात सगळ्यांना अंगठ्यानं स्वतःची नाडी लागत असेल. या घरातल्या माणसांना लागत नव्हती.

मग आत्याला काय लागत होतं?

आत्या तिच्या तोंडाकडे बघत होती. अजून इच्छा शिल्लक होती तिथे, पण विझत चालली होती. वयानं वाकलेली, सकाळपासून निर्जळी बसलेली ही बाई, हिनं आईचा, भावाचा आणि एका चिमुरड्या पोरीचा जीव आपल्याच जिभेनं घालवला असं मानत आयुष्य काढलं होतं, आणि कुणाला चकार शब्द बोलली नव्हती. चिमणीला तिचा कळवळा आला. विचार करायला वेळही नव्हता.

"लाकडावर कशी लागेल?" ती म्हणाली. "मांसावर लागते. ये, दाखवते."

तिनं बाही वर केली. आपली धमनी कोपराखाली कुठून, किती उथळ जाते हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. हाताच्या बाहेरच्या कडेला, जिथे नाडी असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही अशा जागी, तिनं आत्याचा अंगठा धरून टेकवला. इथे कुणालाच नाडी नसते, ती म्हणाली. आता बघ.

आत्यानं दाबलं.

"लागतेय."

"मग? ती तुझीच."

"माझीच?"

"तुझीच, आत्या. दर वेळी तुझीच होती."

आत्या रडली. असं रडताना चिमणीनं तिला कधी बघितलं नव्हतं. आईच्या वेळचं, भावाच्या वेळचं, सगळं साठलेलं रडली. मग आई खरंच गेली होती ना, असं तिनं विचारलं, आणि चिमणी हो म्हणाली. मग पदरानं नाक पुसून, आवाज अगदी लहान करून, तिनं सोनीचं विचारलं. चिमणीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोनी आधीच गेली होती, तू काही केलं नाहीस, असं तिला दोनदा सांगितलं. हे सांगताना तिची जीभ अडखळली नाही, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

आत्या उठली. गुडघे कुरकुरले तशी भिंतीला धरून उभी राहिली. आता माझं वय झालं, हे तुझं काम, तू शिकलेली आहेस, तुझ्या बोटांनी बघ आणि तूच सांग, असं म्हणून ती कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. डोळे मिटून घेतले. तिचा चेहरा इतका हलका झाला होता की तिच्या तरुणपणच्या फोटोची आठवण व्हावी.

चिमणी स्टुलावर बसली. अण्णांचा हात जड होता, गार होता, बोटं वळत नव्हती. याच हातानं तिला सायकल धरून शिकवली होती. तिनं अंगठ्यामागच्या खळग्यात तीन बोटं ठेवली, शिकवते तशी, हलक्या दाबानं.

टुक.

तिनं बोटं उचलली, कपड्याला पुसली, पुन्हा ठेवली. टुक. बऱ्याच वेळानं, टुक. दुसरा हात तिनं स्वतःच्या गळ्याशी नेला. तिथे तिची नाडी धावत सुटली होती, भेदरलेली. बोटांखालची मात्र निवांत चालली होती. दोन्ही नाड्यांचा मेळ कुठेच बसत नव्हता. तिनं वाकून छातीला कान लावला, आत काही नव्हतं. मानेला हात लावला, काही नव्हतं. कोपराशी, दंडाशी, काखेत, जिथून ही धमनी निघते तिथे, काही नव्हतं. नुसता तो एक वळसा, मनगट चुकवून मागे गेलेला, त्याचा तो चालू होता.

पणजीची अशीच चालू असणार. आजीची. सोनीची तर नक्की.

दारावर टकटक झाली. दादानं बाहेरूनच, दबल्या आवाजात, माणसं खोळंबलीत म्हणून सांगितलं. काय सांगू त्यांना, त्यानं विचारलं. कोपऱ्यातून आत्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत भीती नव्हती, शंकासुद्धा नव्हती. आपल्या हुशार पोरीकडे बघावं तसं ती बघत होती.

डॉक्टरला बोलवावं, पुन्हा तारा लावायला सांगाव्यात, सगळ्यांना आत घेऊन या जागी बोट ठेवायला लावावं, असं चिमणीच्या मनात येऊन गेलं. डॉक्टरची रेघ सरळच येणार होती. आणि बोट ठेवायला लावलं तर पहिलं बोट आत्याचं आलं असतं.

"थांबली," चिमणी म्हणाली. आवाज स्वच्छ आला, वर्गात येतो तसा.

दादानं दार उघडलं. माणसं वहाणा काढून आत यायला लागली, वहिनी आत्याला पाणी घेऊन आली आणि आत्या ते घटाघटा प्यायली. कुणीतरी अण्णांचे हात नीट करायला पुढे झालं, तर चिमणीनं त्याला मागे सारलं. तो हात तिनं स्वतः उचलला, तळवा वर करून चादरीखाली ठेवला, आणि चादरीच्या कडा त्यांच्या अंगाखाली घट्ट खोचून घेतल्या, उचलणाऱ्यांपैकी कुणाचंच बोट तिथे लागू नये म्हणून.